एकतीस कार्डे आणि सहा वाक्ये

माझ्या ट्रंकेत एकतीस पोस्टकार्डे आहेत. माझ्या थोरल्या मुलीने सासरहून, तळेगावहून, दोन वर्षांत लिहिलेली. ती वारली त्याला आता सात वर्षे होतील. कार्डे मी तारखेप्रमाणे लावून सुतळीने बांधली आहेत. पहिली सतरा एका गठ्ठ्यात, पुढची चौदा दुसऱ्यात. पहिल्या गठ्ठ्यातली कार्डे खरी आहेत आणि दुसऱ्यातली खोटी. हा फरक ती जिवंत असेपर्यंत माझ्या ध्यानात आला नाही. आणि शब्दांवरून माणसाचे खोटे ओळखावे तर मीच, असे त्या वेळी आमच्या कचेरीत सगळे म्हणत. मलाही ते पटलेले होते.

मी वलवणच्या धरणावरच्या कचेरीत कारकून. माझ्याकडे पावसाचे काम होते. डोंगरातल्या नऊ गावांत पाऊस मोजायची भांडी बसवलेली होती. रोज सकाळी आठ वाजता तिथल्या माणसाने भांड्यात साठलेले पाणी काचेच्या मापात ओतायचे, आकडा कागदावर लिहायचा आणि पुढे शेरा लिहायचा. आकडा इंच आणि सेंटमध्ये. शंभर सेंटांचा एक इंच. आठवड्याचा कागद माझ्याकडे येई. नऊ कागदांवरून तलावात किती पाणी येणार याचा अंदाज वरच्या साहेबांना द्यायचा.

आषाढात डोंगरातला पाऊस कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. सकाळी आठला घोंगडे घेऊन भांड्यापर्यंत जाण्यापेक्षा चुलीपाशी बसून आकडा लिहिणे सोपे. असे आकडे पुष्कळ येत. पहिली दोन वर्षे मी ते नुसत्या आकड्यांवरून पकडत असे. न मोजता लिहिणारा माणूस पाच नाहीतर दहाच्या पटीत लिहितो. पण हे भांड्यांच्या राखणदारांना लवकरच कळले, आणि मग तीन इंच सत्तावीस सेंट, चार इंच एकोणतीस सेंट असे वेडेवाकडे आकडे यायला लागले. तेव्हा मी शेरे वाचायला लागलो.

खऱ्या शेऱ्यात काहीतरी बिघडलेले असते. म्हैस व्याली म्हणून साडेनऊला मापले. ओतताना थोडे सांडले. भांड्यात बेडूक होता. खोट्या शेऱ्यात सगळे ठाकठीक असते. कुणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात दिलेले असते. आणि मुख्य म्हणजे खरे बोलणारा माणूस बोलता बोलता स्वतःच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट सहज सांगून टाकतो. खोटे बोलणाऱ्याला तेवढे जमत नाही.

एका श्रावणात मी एका म्हाताऱ्या राखणदाराला कचेरीत बोलावले. पलीकडच्या खोऱ्यातला, सगळे त्याला आबा म्हणत.

"आबा, बुधवारचा पाऊस कुणी मोजला?"

"कुनी म्हंजी? आमीच मोजला. येवस्थित मोजला. येक थेंब सांडला न्हाई."

"सांडला का, असं मी विचारलं?"

आबाने घोंगड्याच्या टोकाने कपाळ पुसले.

"गुरुवारच्या शेऱ्यात लिहिलंय, पाय घसरला, गुडघा फुटला, माप उशिरा घेतलं. गुरुवार खरा. बुधवारी तुम्ही गेला नाहीत."

"न्हाई गेलो," आबा म्हणाला आणि दात नसलेले तोंड उघडून हसायला लागला. "वढ्याला पानी हुतं वो. जाऊन काय मरू? पर भाऊसाहेब, येक सांगा. माज्या पोटात बी भांडं ठिवलंय का तुमी?"

कचेरीतले सगळे हसले. पुढे कित्येक वर्षे कुणी थाप मारली की दुसरा म्हणे, भाऊसाहेबांनी भांडं ठेवलंय बघ पोटात. मला ते आवडायचे. आवडायचे हे लिहून ठेवतो.

रविवारी मी हे कागद लोणावळ्याच्या घरी आणून बेरजा करीत असे. थोरली तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. ती समोर बसून शेरे मोठ्याने वाची आणि मी खरा-खोटा सांगायच्या आत स्वतः सांगे. दहातले सात-आठ तिचे बरोबर येत. एकदा तिने लोणच्याची बरणी फोडली आणि आईला सांगितले, मांजराने पाडली. मला कचेरीतून आल्यावर विचारायचीही गरज पडली नाही. "मी तिकडे गेलेच नव्हते, मी अभ्यासच करत होते," असे ती आपण होऊन म्हणाली.

मी हसत म्हटले, "अगं, एवढं शिकवलं ते फुकट गेलं. खोटं बोलायचंच तर त्यात आपली एक चूक घालावी. फडताळ मीच उघडं ठेवलं होतं, म्हणून मांजर शिरलं, असं म्हणायचं. मग तुझा बापसुद्धा फसेल."

बायको आतून ओरडली, "पोरीला काय शिकवताय हे?"

"गंमत करतोय."

"असल्या गमती अंगाशी येतात."

पोरगी मात्र हसली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, एखादे गणित समजल्यावर बघावे तशी.

सतराव्या वर्षी तिचे लग्न झाले. जावई तळेगावच्या शाळेत मास्तर. घरात तो आणि त्याची आई, दोघेच. माणसे साधी होती. तळेगाव रेल्वेने फार दूर नाही, पण मी तिच्याकडे गेलो नाही. कचेरी आठवड्यातले सहा दिवस. शिवाय मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. ज्या घरी पाणी घ्यायचे नाही त्या घरी वरचेवर जाऊन बसायचे तरी कसे? तीन आठवड्यांनी तिचे कार्ड येई, ते मला पुरे होते.

ती कार्डे मी आता वाचतो तेव्हा तिचा आवाज ऐकू येतो. इथे विहिरीला पाणी चांगले आहे पण रहाट जड आहे. सासूबाई बोलतात कमी, पण मनाने वाईट नाहीत. पुढच्या आठवड्यात इकडे जत्रा आहे. आईला सांगा, मी दिवाळीला येईन तेव्हा तिची जांभळी साडी नेणार आहे. आणि शेवटी ठरलेला प्रश्न: बाबा, यंदा पाऊस किती झाला? मी उत्तरात इंच आणि सेंट दोन्ही कळवीत असे. पहिल्या दिवाळीला ती आली आणि जांभळी साडी घेऊन गेली.

दुसऱ्या वर्षी आषाढात अठरावे कार्ड आले. त्यात लिहिले होते की सासूबाई अलीकडे थोड्या टोचून बोलतात, आणि चूक माझीच होती, दूध दोनदा उतू गेले. पुढच्या कार्डात पुन्हा तसेच काहीतरी. भाकरी करपली, बोलणी खाल्ली. दिवाळीच्या आधी लिहिले, "सासूबाई या वर्षी पाठवायला तयार नाहीत. मी हट्ट केला, उलट बोलले, ते मला शोभले नाही. आता आपण त्यांना काही लिहू नये."

बायको म्हणाली, "मला हे बरं दिसत नाही. मी जाऊन येते."

मी कार्ड तिच्यापुढे धरले. "हे बघ. आपली चूक तीच सांगते आहे. मी उलट बोलले, म्हणते. बनवून लिहिणारा माणूस असं लिहील का? सासू कडक आहे एवढंच. मुलीची आई धावत गेली तर सासू आणखी बिघडेल."

"तुम्ही शब्द मोजत बसा," ती म्हणाली. "मला पोरीचं तोंड बघायचंय."

तिला दम्याचा त्रास होता, एकटी जाणे शक्य नव्हते. शेवटी मार्गशीर्षात एका रविवारी मीच गेलो.

दुपारचे दोन वाजले असतील. विहीणबाई दारात आल्या, मला बघून पदर सावरला आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. जावई बाहेर गेला होता. मी ओसरीवर बसलो. अंगणातल्या दोरीवर पाच पांघरुणे वाळत होती. घरात माणसे तीन. पाहुणे येऊन गेले असावेत, असे मला वाटले.

"मुलगी कुठे आहे?" मी विचारले.

विहीणबाई भरभर बोलल्या. एरवी त्या चार शब्दांवर जात नसत. म्हणाल्या, "घरी नाहीये ती. देवळात गेली आहे. उशीर होईल तिला. मजेत आहे अगदी. आम्ही काही अडवत नाही हो तिला." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आत येऊन पाणी तरी घ्या, भाऊ."

सहा वाक्ये. ती मी ओसरीवर बसल्या बसल्या मोजली. मजेत आहे का असे मी विचारले नव्हते. अडवता का असेही विचारले नव्हते. बाई खोटे बोलते आहे याची मला खात्री पटली, आणि ती खरोखरच खोटे बोलत होती. ती सुनेला माहेरच्या माणसाला भेटू देत नाही, असा अर्थ मी काढला. कार्डांशी तो अगदी जुळत होता.

"पाणी कसं घेऊ? रीत तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणालो. आवाजात राग होता. "आणि विहीणबाई, माझी मुलगी काही तुमच्याकडे गहाण ठेवलेली नाही."

त्यांनी खाली बघितले. मी उठलो आणि स्टेशनवर येऊन गाडीची वाट बघत बसलो.

घरी आल्यावर बायकोला सगळे सांगितले आणि मुलीला पत्र घातले: खरे काय ते स्पष्ट लिही, छळ असेल तर मी येऊन घेऊन जातो. चौथ्या दिवशी उत्तर आले. "बाबा, आपण आलात आणि माझी चुकामूक झाली. मी देवळात मैत्रिणीशी गप्पा मारत बसले, वेळेचे भान राहिले नाही, त्यासाठी सासूबाईंची बोलणीही खाल्ली. छळ वगैरे काही नाही. त्या फटकळ आहेत आणि मी आळशी, एवढेच. धाकटीच्या लग्नाचे कुठवर आले ते कळवावे."

मी ते दोनदा वाचले. तपासून बघितले. माझ्या सगळ्या कसोट्यांना ते उतरले. छळ नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

धाकटीचे जमत आले होते. पुण्याचे स्थळ होते. मुलाचे वडील फार चौकस. घराण्यात क्षय, कोड, वेड काही आहे का, हे त्यांनी मला समोर बसवून विचारले. मी म्हणालो, माझ्या माहितीत काही नाही. ते म्हणाले, "तुमच्याबद्दल लोणावळ्यात विचारलं मी. तुम्ही खोटं बोलत नाही आणि दुसऱ्याचं चालू देत नाही, असं कळलं. मला तेवढं बस आहे." माघात लग्न झाले. थोरली आली नाही, जावईही आला नाही. त्यांच्या भाऊबंदांत कुणी गेले आणि ऐन लग्नाच्या आठवड्यात सुतक आले, असे कार्ड आले. "बहिणीच्या लग्नाला येण्याचे माझ्याच नशिबी नव्हते. तिच्यासाठी पोलके शिवायला घेतले होते, तेही माझ्या आळसाने राहिले."

चैत्रात एका सकाळच्या गाडीने जावई आला. घराच्या पायऱ्यांखाली उभा राहिला, वर येईना. त्याने काही सांगायच्या आधीच बायकोने चूल विझवली.

आम्ही तळेगावला पोचेपर्यंत तिला बाहेर काढून ठेवले होते. ती किती लहान झाली होती ते मी लिहिणार नाही. अंगावर जांभळी साडी होती.

तेराव्यानंतर जावयाने मला सांगितले. आषाढात खोकल्यातून रक्त पडले. गावातल्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. लवकर कळले असते तर उपाय झाला असता, असे ते म्हणाले, आणि कुठे कोरड्या हवेच्या इस्पितळात न्या, असेही म्हणाले. जावई माझ्याकडे यायला निघाला होता. तिने त्याला अडवले.

"ती म्हणाली, बाबांना कळलं तर ते धाकटीच्या सासरी सांगतील. विचारलं नाही तरी सांगतील. त्यांना लपवता येत नाही. मग तिचं लग्न व्हायचं नाही. धाकटीचं होऊ द्या, मग मीच सांगेन. मी म्हटलं, मामांना पत्रावरून कळल्याशिवाय राहणार नाही. ती म्हणाली, नाही कळणार. कसं लिहायचं ते त्यांनीच मला शिकवलं आहे."

"आणि ते सुतक?"

"कुणी गेलं नव्हतं, मामा. लग्नानंतर मी म्हटलं, आता सांगू; ती म्हणाली, धाकटी सासरी रुळू दे."

मी त्याला रागावू शकलो नाही. तिने त्याला ओळखले होते तसेच मलाही ओळखले होते. मी सांगितले असते. आजही मला वाटते की मी सांगितले असते, आणि त्याचा अभिमान वाटायचा तो आता वाटत नाही.

पुढच्या महिन्यात धाकटीचे सासरे भेटायला आले. त्यांनी विचारले, "एवढ्या तरुण वयात? काय झालं होतं?"

मी म्हणालो, "ताप आला. नऊ दिवसांत गेली. चूक माझी. मी वेळेवर गेलो असतो तर पुण्याला हलवता आलं असतं."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा पूर्ण विश्वास बसला. खोट्यात आपली एक चूक घालावी हा माझा नियम मी त्या दिवशी वापरला, फक्त ती चूक मला बनवावी लागली नाही. ते गृहस्थ आता नाहीत. धाकटीला दोन मुले आहेत. हे लिहायला घेण्याआधी तिच्या नवऱ्याला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "मला हिने केव्हाच सांगितलंय." धाकटीला बहिणीनेच लग्नानंतर कळवले होते, आणि माझ्यापासून लपवायला सांगितले होते. म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होते.

मी एकतीस कार्डे पुन्हा तपासली. आता तरी दुसऱ्या गठ्ठ्यातला खोटेपणा दिसावा म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शेऱ्यांच्या कसोटीला ती कार्डे अजूनही खरी उतरतात. प्रत्येकात एक तक्रार आहे, प्रत्येकात तिची स्वतःची एक चूक आहे. मग मी नसलेले शब्द मोजले. पहिल्या सतरापैकी पंधरा कार्डांत पुढच्या आठवड्याची, येत्या सणाची, येईन तेव्हा काय करीन याची काही ना काही गोष्ट आहे. नंतरच्या चौदांपैकी एकातही तिने स्वतःसाठी पुढचे काही लिहिलेले नाही. आणि पाऊस किती झाला, हे तिने आषाढानंतर एकदाही विचारले नाही. त्या वर्षीचा पाऊस मी न विचारता कळवला होता. मी लिहिलेले शब्द तपासत राहिलो. जे लिहायचे थांबले होते त्याकडे माझे लक्ष गेले नाही.

वर्षश्राद्धाला मी तळेगावला गेलो. सगळे उरकल्यावर विहीणबाई ओसरीवर येऊन बसल्या. मी त्यांची माफी मागितली. नऊ महिने त्यांनी तिचे अंथरूण-पांघरूण रोज धुतले, तिला भरवले, आणि माझ्याकडून जाच करणारी सासू म्हणवून घेतले, तेही तिच्याच सांगण्यावरून.

"ती म्हणायची, तुमच्यावर ढकलते हो, रागावू नका," विहीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, ढकल बाई. सासूला कुणी चांगलं म्हणायचं असतं का?" त्या हसल्या आणि मग पदराने डोळे टिपले. "तुम्ही आला होता ना रविवारी, तेव्हा ती इथेच होती. माजघराच्या आतल्या खोलीत. तोंडात पदर कोंबून पडली होती, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी माजघराच्या दाराकडे बघितले.

"मला खोटं बोलता येत नाही, भाऊ. तिने पढवलं तेवढं बोलले. पण पाणी घ्या म्हटलं ते तिने सांगितलेलं नव्हतं. माठ माजघरात असतो. आत आला असतात तर तुम्हाला दिसलीच असती. मला सांगावं लागलं नसतं आणि तिची शपथही मोडली नसती."

म्हणजे सहा वाक्यांत चार खोटी होती आणि दोन खरी. आम्ही तिला अडवत नाही, हे खरे होते. आत येऊन पाणी घ्या, हे खरे होते. मी सहाच्या सहा खोटी धरली होती.

मी उठलो, माजघरात गेलो आणि माठातले पाणी घेऊन प्यालो. तांब्या पालथा घालताना आतल्या खोलीचे दार दिसले. ओसरीपासून ते अकरा पावलांवर आहे.

पावसाचे काम मी अजून करतो, आकडे तपासतो, शेरे वाचतो. आबा आता नाही, त्याचा मुलगा भांड्यावर असतो आणि बापासारखाच ओढ्याच्या पलीकडे जायला कंटाळतो. धाकटीची कार्डे पुण्याहून येतात. ती मी एकदाच वाचतो आणि बायकोच्या हातात देतो. महिन्यातून एका रविवारी मी सकाळची गाडी धरतो, धाकटीच्या घरी जातो, ओसरीवर न बसता थेट आत जातो आणि पाणी मागतो.